बँक लुटली मुलांनी, अडकली असती आई: 'कॅच दॅट किड'च्या शेवटाची उकल

शेवट फोडल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलता येणार नाही. तेव्हा २००४ सालचा 'कॅच दॅट किड' ज्यांना अजून पाहायचा आहे त्यांनी आधी तो दीड तासाचा सिनेमा उरकून यावं. पाहिलेल्यांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो: बारा वर्षांची पोरगी दोन मित्रांना आणि तान्ह्या भावाला घेऊन बँकेची तिजोरी फोडते, पोलीस मागे लागतात, आणि शेवटी कुणालाच काही होत नाही. असं कसं?

कथा थोडक्यात अशी. या पोरीचे, म्हणजे मॅडीचे, वडील एकेकाळचे गिर्यारोहक; आता गो-कार्टचा, म्हणजे शर्यतीच्या बुटक्या गाड्यांचा, छोटा ट्रॅक चालवणारे. एव्हरेस्टवरच्या जुन्या अपघाताची दुखापत अचानक उफाळते आणि ते लुळे होऊन अंथरुणाला खिळतात. एक प्रायोगिक शस्त्रक्रिया आहे, पण खर्च अडीच लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने एक कोटी दहा-पंधरा लाख रुपये. आई एका बड्या बँकेची सुरक्षा यंत्रणा उभारते आहे. त्याच बँकेकडे ती कर्ज मागते आणि बँकेचा प्रमुख नाही म्हणतो. तिजोरी जमिनीपासून शंभर फुटांवर टांगलेली. मॅडीला चढता येतं, एका मित्राला संगणकातलं कळतं, दुसऱ्याला इंजिनातलं. मग काय, गो-कार्टवरून पोबारा.

आणि शेवट? चोरलेला एक डॉलरही शस्त्रक्रियेला लागत नाही. आई मधे पडते आणि ही सगळी सुरक्षा यंत्रणेची चाचणी होती असं सांगून वेळ मारून नेते. बातमी टीव्हीवर जाते, वडिलांच्या आजारपणाची गोष्ट घरोघरी पोचते, लोक पैसे पाठवतात. वडील पुन्हा आपल्या पायांवर उभे राहतात.

पाहताना हे गोडगोड वाटतं आणि थोडं फसवल्यासारखंही. पण पटकथा लिहिणाऱ्याच्या जागी बसून बघा. पैसे मुलांकडे ठेवले तर 'चोरी करा, बाबा बरे होतील' असा सिनेमा पोरांना दाखवल्याबद्दल पालक अंगावर येणार. मुलांना पकडून सुधारगृहात पाठवलं तर विनोदी कौटुंबिक सिनेमाचा शोकपट होणार. आणि वडील बरे झाले नाहीत तर दीड तास कशासाठी बसलो, असं प्रेक्षक म्हणणार. तिन्ही गोष्टी एकदम साधायच्या तर पैसा दुसरीकडून यायलाच हवा.

यातला पहिला पेच हॉलिवूडला फार जुना. १९३४ पासून १९६८ पर्यंत तिथे नैतिकतेची एक लेखी नियमावली काटेकोरपणे राबवली जात होती. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला झुकता कामा नये, असं तिचं एक मुख्य कलम. त्यामुळे त्या काळातले दरोडेखोर कितीही हुशार असोत, शेवटी त्यांच्या हाती काही लागायचं नाही. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द किलिंग'मध्ये (१९५६) रेसकोर्स लुटून आणलेल्या नोटांची बॅग विमानतळावर उघडी पडते आणि सगळा पैसा वाऱ्यावर उडून जातो. १९६० च्या 'ओशन्स इलेव्हन'मध्ये कॅसिनोंची लूट शवपेटीत लपवलेली असते आणि ती शवपेटीच दहनाला जाते. १९६८ मध्ये नियमावली गेली, वयोगटाप्रमाणे शिक्के आले, मोठ्यांच्या सिनेमात चोर सुटायला लागले. मुलांच्या सिनेमात मात्र तो जुना नियम न लिहिता तसाच राहिला. 'कॅच दॅट किड'ने त्यातून काढलेली वाट मला चतुर वाटते. लूट जळत नाही की उडत नाही, ती फक्त बिनगरजेची होऊन जाते.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

अमेरिकेत बँकेवरचा दरोडा १९३४ पासून केंद्र सरकारच्या कायद्यातला गुन्हा आहे. धाकदपटशाने पैसे नेले तर वीस वर्षांपर्यंत शिक्षा. या पोरांनी कुणावर बंदूक रोखली नाही, म्हणून ती थोडक्यात सुटतील असं वाटतं. पण त्याच कलमात दुसरी एक तरतूद आहे. बँकेत गंभीर गुन्हा करायच्या इराद्याने नुसतं शिरणं, हाही गुन्हाच, आणि शिक्षा तीच, वीस वर्षांपर्यंत. थोडक्यात, तिजोरीला हात लागण्याआधीच प्रकरण पूर्ण झालेलं असतं.

हा झाला प्रौढांचा हिशोब. अल्पवयीन मुलांची प्रकरणं अमेरिकेचं केंद्र सरकार शक्यतो स्वतःकडे ठेवत नाही, राज्याकडे सोपवतं. सिनेमा घडतो लॉस एंजेलिसमध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियाचा कायदा लागणार. तिथे चौदा वर्षांखालच्या मुलाला बऱ्यावाईटाची समज नाही असं गृहीत धरलं जातं. पण हे गृहीतक खोडता येतं. आपण करतोय ते चूक आहे हे मुलाला कळत होतं, याचा स्पष्ट पुरावा सरकारी पक्षाने द्यायचा. १९७० मध्ये बारा वर्षांच्याच एका मुलीच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे तपासताना मुलाचं वय, अनुभव आणि समज पाहायला हवी.

मॅडीचं काय झालं असतं? तिला कळत होतं का? अहो, तिने आईचं काम अभ्यासलं, वेळ निवडली, माणसं निवडली, पळायची वाट आखली. सिनेमात आपल्याला तिचं कौतुक वाटतं ते याच तयारीमुळे, आणि कोर्टात सरकारी वकिलाने नेमकी हीच तयारी पुढे ठेवली असती. भाबडी पोर म्हणून सुटायचं तर इतकी हुशारी परवडत नाही. तान्ह्या भावाला काखोटीला मारून आणणं तेवढं बचावाच्या कामी आलं असतं. अक्कल असलेला कोण माणूस घरफोडीला बाळ घेऊन जातो?

२०१९ पासून कॅलिफोर्नियाने किमान वय ठरवलं आहे. खून-बलात्कारासारखे मोजके गुन्हे सोडले तर बारा वर्षांखालच्या मुलाला बालन्यायालयात खेचता येत नाही. मॅडी पूर्ण बारा वर्षांची, म्हणजे आजही तिला ही सूट मिळाली नसती. अर्थात तुरुंगाचा प्रश्न नव्हताच. बालन्यायालय, समुपदेशन, देखरेखीखाली घरी राहणं, फार तर काही काळ सुधारगृह, असं प्रकरण मिटलं असतं. शिक्षा नाही म्हणजे काहीच नाही, असं मात्र नव्हे.

हा सिनेमा मुळात अमेरिकी नाहीच. तो २००२ च्या 'क्लात्रेतोसेन' या डॅनिश चित्रपटाची अमेरिकी आवृत्ती आहे. तिथली नायिका इडा, तीही बारा वर्षांची, तिचेही दोन मित्र. डेन्मार्कच्या दंडसंहितेत पंधरा वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी त्याला शिक्षा होत नाही, मग समज होती की नव्हती याची चर्चाच नाही. २०१० मध्ये ते वय चौदावर आणलं होतं, २०१२ मध्ये पुन्हा पंधरा केलं. म्हणजे इडाला खटल्याची भीती नव्हतीच, समाजकल्याण खात्याची माणसं घरी आली असती इतकंच. अमेरिकेत तीच गोष्ट मांडायची तर मुलांना वाचवायला कुणीतरी पुढे येणं भाग होतं. आईची ती थाप पटकथेला का लागली असेल, याचा अंदाज इथे येतो.

आपल्याकडे काय, हा प्रश्न मनात येणारच, तेव्हा चटकन सांगून टाकतो. भारतीय न्याय संहितेप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही. सात ते बारा या वयात समज पुरेशी नव्हती असं दिसलं तर मूल सुटतं. बारा पूर्ण झाले की ही ढाल गेली, पण अठराच्या आतलं प्रकरण बाल न्याय मंडळाकडेच जातं. समज, ताकीद, समाजसेवा, आणि टोकाचं म्हणजे विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवणं. मोठ्यांसारखा खटला चालवायचा विचार होतो तो सोळा ते अठरा या वयात, तोही अतिगंभीर गुन्ह्यांत. मॅडी पुण्यात असती तरी कोठडीत बसली नसती.

तर आता त्या थापेकडे. 'ही चाचणी होती.'

बँका, सरकारी कचेऱ्या आणि मोठ्या कंपन्या खरोखरच पैसे देऊन स्वतःकडे चोरी करवून घेतात. तज्ज्ञ माणसं रात्री कुलपं उघडून पाहतात, अलार्म वाजतो का, पहारेकरी किती वेळात पोचतो, हे मोजतात आणि अहवाल देतात. या कामात सगळ्यात मोलाची वस्तू कुठलं हत्यार नव्हे, तर खिशातलं पत्र: या माणसांना आम्ही बोलावलं आहे, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक इमारतीत. ते पत्र आधी लिहिलेलं लागतं. पकडल्यावर लिहिलेलं चालत नाही.

आणि आधी लिहिलेलं असूनही काय होऊ शकतं, याचं एक खरं उदाहरण आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आयोवा राज्यातल्या अडेल गावात डॅलस काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) न्यायालयाच्या इमारतीत मध्यरात्रीनंतर दोघे जण सापडले. ते सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीचे कर्मचारी होते. राज्याच्या न्यायव्यवस्थेनेच त्यांना हे काम दिलं होतं आणि पत्रही जवळ होतं. पण इमारत काउंटीची. तिथला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, म्हणाला, माझ्या इमारतीत शिरायची परवानगी द्यायला राज्य कोण? दोघांची रवानगी कोठडीत, गुन्हा घरफोडीचा. आरोप पूर्ण मागे घ्यायला जानेवारी २०२० उजाडला. बोलावून आणलेल्या तज्ज्ञांची ही गत, तर तिजोरीतून नोटा घेऊन पसार झालेल्या तीन पोरांच्या बाबतीत 'चाचणी होती हो' हे वाक्य किती टिकलं असतं?

इथेच शेवटाची खरी गोम आहे. कायद्याच्या नजरेने बघितलं तर शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यात मोठा धोका मुलांना नाही, आईला आहे. मुलं अल्पवयीन आहेत. ती प्रौढ, बँकेची यंत्रणा तिनेच उभारलेली, कर्ज नाकारलं म्हणून रागाला कारणही आहे. बँकफोडीत पोलीस आधी आतल्या माणसाकडे बघतात, आणि आतली माणूस हीच. वर गुन्हा घडून गेल्यावर करणाऱ्यांना वाचवण्यासाठी तपासाची दिशा चुकवणं, हा अमेरिकी केंद्रीय कायद्यात वेगळा गुन्हा आहे. त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्म्यापर्यंत जाते. वीसचे निम्मे किती, ते सांगायला नको. मुलांनी बाबांसाठी जीव धोक्यात घातला, हे सिनेमा ठळक करून सांगतो. आईने एका वाक्यात त्याहून मोठी जोखीम उचलली, हे तो हसतखेळत ओलांडून जातो. मला हा प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना जास्त आवडला तो यामुळे.

मग बँकेचा प्रमुख गप्प का बसतो? दयेपोटी नक्कीच नाही. नवी कोरी बँक, अभेद्य म्हणून मिरवलेली तिजोरी, आणि ती बारा वर्षांच्या मुलांनी फोडली. हे मान्य करायचं तर उद्या ठेवीदार रांग लावतील. चाचणी होती म्हटलं की बँक फार तर दक्ष ठरते. आईने त्याला आब राखून माघार घ्यायची जागा करून दिली आणि त्याने ती घेतली. प्रत्यक्षात बँकेची तक्रार नसली तरी सरकारी वकील खटला चालवू शकतो. पण नुकसान झालेला पक्षच 'आमचं काही गेलं नाही' म्हणत असेल, आरोपी शाळकरी पोरं असतील आणि टीव्हीवर त्यांच्या आजारी बापाची गोष्ट चालू असेल, तर कुठला निवडून आलेला जिल्हा वकील हौसेने ते प्रकरण अंगावर घेईल? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे वकील मतांवर निवडून येतात. सिनेमातला हा भाग वाटतो तितका अशक्य नाही.

राहिला पैसा. कर्ज नाकारणारा प्रमुख खलनायक म्हणून रंगवलाय, पण बँकवाल्याच्या बाजूने पाहिलं तर अडीच लाख डॉलर अशा शस्त्रक्रियेसाठी द्यायचे जिचा गुण येईलच असं नाही, आणि तारण म्हणून गो-कार्टचा एक छोटा ट्रॅक. शाखेतला कुठलाही कर्ज अधिकारी फाइल परत करेल. विमाही मदतीला येत नाही, कारण 'प्रायोगिक' हा शब्द. सिद्ध न झालेल्या उपचारांचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. आपल्याकडच्या पॉलिसीतसुद्धा न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत 'अप्रमाणित उपचार' असतातच. घरातली पॉलिसी काढून ती यादी एकदा वाचा, वेळ चांगला जाईल असं नाही, पण वाचा.

यात एक खट्याळ अदलाबदल आहे. मूळ डॅनिश सिनेमात इडाच्या वडिलांवर उपचार होणार असतात अमेरिकेत, खर्च पंधरा लाख क्रोनर. डेन्मार्कमध्ये सरकारी रुग्णालयात उपचाराला पैसे पडत नाहीत, त्यामुळे पैशासाठी बँक फोडायची गोष्ट रचायची तर शस्त्रक्रिया देशाबाहेर न्यावीच लागते. अमेरिकी आवृत्ती बनवताना त्यांनी ती शस्त्रक्रिया नेली डेन्मार्कला! मूळ सिनेमाला केलेला नमस्कारच तो. पण त्यातून निघणारा अर्थ मजेशीर आहे: अमेरिकी घराला ज्या देशात जायला कोटभर रुपये हवेत, त्या देशातल्या नागरिकाला रुग्णालयात बिल येत नाही.

आणि आता टीव्ही. २००४ मध्ये इंटरनेटवरून वर्गणी गोळा करणारं गोफंडमी नव्हतं, ते २०१० मध्ये आलं. तेव्हा अनोळखी लोकांपर्यंत गाऱ्हाणं पोचवायचं तर बातमी व्हावी लागायची, आणि आजारी माणूस ही बातमी नव्हे. मुलांनी तिजोरी फोडली ही बातमी. चोरीने उपचाराचे पैसे मिळवून दिले नाहीत, तिने प्रसिद्धी मिळवून दिली आणि पैसे प्रसिद्धीने आणले. शेवटाची सगळी किल्ली इथे आहे. आईने बँकेत जाऊन दबल्या आवाजात मागितलं तेव्हा नकार आला. तेच मागणं कॅमेऱ्यासमोर गेल्यावर शहराने खिसे रिकामे केले.

गुन्ह्याच्या प्रसिद्धीतून पैसा मिळवायला हरकत नाही का, असं विचाराल तर कॅलिफोर्नियात त्यावर मोठा वाद होऊन गेला आहे. १९६३ मध्ये गायक फ्रँक सिनात्राच्या मुलाला पळवून दोन लाख चाळीस हजार डॉलर खंडणी घेतली होती. पळवणाऱ्यांतल्या एकाने पुढे आपली कहाणी सिनेमासाठी विकायला काढली. गुन्हेगाराने अशा कहाणीतून कमावलेला पैसा पीडितांसाठी बाजूला ठेवावा, असा तिथे कायदा होता. २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून रद्द केला. आजारी माणसासाठी लोकांनी आपणहून दिलेली देणगी तर त्याहूनही साधी गोष्ट. कायद्याने तिथे अडवलं नसतं.

लोकवर्गणीतून अशक्य वाटणारी रक्कम उभी राहणं हा निव्वळ सिनेमावाल्यांचा कल्पनाविलास नाही, हे महाराष्ट्राला सांगायला नको. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या पाच महिन्यांच्या बाळासाठी, स्नायूंच्या दुर्मीळ जनुकीय आजारावरच्या एका इंजेक्शनसाठी, आईवडिलांनी लोकवर्गणीतून सोळा कोटी रुपये जमवले. त्यावर लागणारा सुमारे सहा कोटींचा आयातशुल्क आणि जीएसटी केंद्र सरकारने माफ केला. ती मागणीही गाजली होती, वर्तमानपत्रांत आली होती, राजकीय नेत्यांनी पत्रं लिहिली होती. त्याच आजाराची इतर मुलं तेव्हाही होती, आणि त्यांतल्या अनेकांच्या आवाहनांना तेवढे पैसे आले नाहीत. सिनेमातही शेजारच्या खाटेवरचा रुग्ण दाखवलेला नाही, ज्याच्या मुलीला भिंत चढता येत नव्हती.

शेवटी एक धागा उरतो, लहान प्रेक्षक सगळ्यात आधी विचारतात तो. मॅडीने दोन्ही मित्रांना वेगवेगळं गाठून 'मला तूच आवडतोस' असं सांगितलेलं असतं, दोघांनी चोरीत साथ द्यावी म्हणून. हे खोटं ऐन मोहिमेत उघडं पडतं. आणि गंमत बघा, बँक फोडल्याबद्दल सिनेमा तिला ओरडत नाही, पण या खोट्याबद्दल तिला खजील करतो, दोघांचा राग सोसायला लावतो. तिने खरंच कुणाला दुखावलं असेल तर ते या दोघांना, असा सिनेमाचा हिशोब आहे. मग ती कुणाची? कुणाचीच नाही. दोघांपैकी एकाला ती निवडत नाही, आणि बाराव्या वर्षी निवडायचं कारणही नाही.